कविता वर्गात (लेखांक ६) : चौथी ओळ कोणाची?

मागच्या लेखात पाठांतराबद्दल लिहिताना चालीचा विषय मुद्दाम बाजूला ठेवला होता. तिसरी-चौथीच्या वर्गात नवी कविता आली की बाई आधी चाल लावतात. चाल बहुधा एकच. कविता पावसाची असो की आजीची, हेल तोच. मग शब्दार्थ, मग प्रश्नोत्तरं. मुलांना चाल पाठ होते आणि कविता तिच्यामागे फरफटत येते. चाल बंद करा असं मी म्हणत नाही, पण त्याआधी ठेका हाताला लागायला हवा. आता पुढे काय येणार, याची कान वाट पाहू लागला की ठेका लागला म्हणायचं.

त्यासाठी अंबरनाथच्या शाळांना फार लांब जायला नको. गावातलंच शिवमंदिर घ्या. तिथला शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा, शिलाहारांच्या काळातला. शिखर भूमिज शैलीचं. चारही बाजूंना मधोमध नक्षीचा पट्टा वर चढतो आणि पट्ट्यांच्या मधल्या जागेत छोट्या छोट्या शिखरांच्या ओळी, वर जाताना बारीक होत गेलेल्या. मुलांना जरा लांब उभं करावं, खालून वर प्रत्येक ओळीला एक टाळी द्यायला सांगावी. शिखराचा वरचा भाग ढासळलेला आहे, त्यामुळे टाळ्या मध्येच थांबतात. नेमकं तिथेच विचारावं, ‘पुढची ओळ कशी असली असती?’ या उत्तरासाठी शिल्पशास्त्र यावं लागत नाही.

दुसरं साधन मुलांच्या घरातच असतं. या भागातल्या आगरी लग्नांत धवलारीण विधीविधीला धवले, म्हणजे लग्नगीतं, गाते. (हल्ली हळदीच्या डीजेपुढे तिचा आवाज कुठवर पोचणार, ते सोडा.) तेराव्या शतकात महदंबेने कृष्ण-रुक्मिणीच्या विवाहाचे धवळे रचले, मराठीची आद्य कवयित्री म्हणून आपण तिचं नाव घेतो. म्हणजे वर्गातल्या एखाद्या मुलीच्या आजीला जे तोंडपाठ आहे, त्याची नाळ त्या परंपरेशी जुळते. शेजारचं उल्हासनगर तर फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांनी वसवलेलं. तिथल्या घरांत अंगाईला लोली म्हणतात, लग्नात लाडे गातात. मुलांनी घरून एकेक गाणं आणावं, अर्थ न सांगता म्हणून दाखवावं, वर्गाने बाकावर ठेका धरावा. भाषा कळली नाही तरी ठेका कुठे वळतो ते कळतं. बोर्डी-कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी शाळाच आदिवासी मुलांच्या अंगणात नेली होती; आपल्याला तर फक्त अंगणातलं गाणं वर्गात आणायचं आहे.

मग फळ्यावर दोन ओळी लिहाव्यात. मी या लिहीन :

वालधुनीच्या काठावरती
एका पायावरती बगळा

प्रत्येक ओळीत आठ-आठ मात्रांचे दोन तुकडे, प्रत्येक तुकड्याच्या सुरुवातीला टाळी. तिसरी आणि चौथी ओळ मुलांची. यमक जुळलं नाही तर अडून बसू नये, ठेका मात्र सुटू देऊ नये. मंदिराला लागून वाहणारी वालधुनी नदी मुलं रोज बघतात, त्यामुळे ओळींत काळं पाणी येईल, प्लॅस्टिकच्या पिशव्या येतील, वासही येईल. ‘कवितेत असं लिहू नये’ म्हणून बाईंनी तिथे झुळझुळ पाणी घालू नये.