शेवटच्या पेपरानंतरचे सत्तावन्न दिवस

शेवटचा पेपर देऊन बाहेर पडणाऱ्या मुलामुलींचे चेहरे तुम्ही पाहिले असतील. कदाचित त्यांतला एक चेहरा तुमचाच असेल. पहिले दोन-तीन दिवस काही विचारू नका. मनसोक्त झोप, क्रिकेट, सिनेमा, मामाच्या गावाला जाण्याचे बेत! मग चौथ्या-पाचव्या दिवशी एक चमत्कारिक गोष्ट घडते. ज्या रिकाम्या वेळेची वर्षभर वाट पाहिली, तीच अंगावर येऊ लागते. सकाळी उठावेसे वाटत नाही, उठल्यावर कोठे जावे हे कळत नाही, आवडीच्या गोष्टींतही मन रमत नाही. आमच्या हिंगण्याकडची मुले हे अगदी नेमक्या शब्दांत सांगतात : "सर, काही सुचूनच नाही राहिलं."

घरच्यांना वाटते, पोराला आळस चढला. "परीक्षा झाली, आता कसली काळजी?" असे ते म्हणतात, आणि ऐकून ऐकून मुलालाही तसेच वाटू लागते. म्हणजे उदासी होतीच, तिच्यात अपराधीपणाची भर पडते. हा आळस नव्हे असे माझे मत आहे. पण विज्ञानाच्या मासिकात नुसते मत चालत नाही, पुरावा लागतो. तो शोधायला आपण थोडे दूर, आल्प्स पर्वतातील एका गुहेत जाऊ.

त्याआधी एक छोटा हिशेब करू. 2025 साली दहावीची लेखी परीक्षा 17 मार्चला संपली आणि निकाल 13 मे रोजी लागला. मध्ये गेले 57 दिवस. 2024 साली परीक्षा 26 मार्चला संपली, निकाल 27 मे रोजी आला. हे झाले 62 दिवस. दोन्ही वर्षी साधारण दोन महिने शाळा नाही, घंटा नाही, वेळापत्रक नाही. आणि पुढे काय, हेही ठरलेले नाही.

आता गुहेकडे वळू. मिशेल सिफ्र नावाचा 23 वर्षांचा फ्रेंच भूगर्भशास्त्रज्ञ 16 जुलै 1962 रोजी स्कारासन येथील गुहेत उतरला. जमिनीखाली सुमारे 130 मीटर खोल, बर्फाच्या शेजारी तंबू ठोकून तो एकटाच राहिला. त्याच्याजवळ घड्याळ नव्हते. सूर्यप्रकाश तेथे पोहोचत नव्हता. गुहेच्या तोंडाशी त्याचे साथीदार होते. झोपताना, उठल्यावर आणि जेवताना तो त्यांना टेलिफोन करी. पण त्यांनी आपण होऊन त्याला फोन करायचा नाही आणि वेळ तर मुळीच सांगायची नाही, असा नियम होता. 14 सप्टेंबरला, म्हणजे 60 दिवसांनी, साथीदारांनी प्रयोग संपल्याचे कळवले तेव्हा सिफ्रचा विश्वास बसेना. त्याच्या हिशेबाने ती 20 ऑगस्ट होती! तब्बल पंचवीस दिवस त्याच्या हातून निसटले होते.

फोनवर तो आणखी एक चाचणी देत असे. सेकंदाला एक या वेगाने 1 ते 120 आकडे मोजायचे. म्हणजे दोन मिनिटे लागायला हवीत. त्याला लागत पाच मिनिटे, आणि त्याची मात्र खात्री असे की आपण बरोबर वेगाने मोजले. ज्या दिवसात वेगळे असे काही घडत नाही, तो दिवस आठवणीत उमटत नाही. एक दिवस दुसऱ्यात मिसळून जातो. सुटीत "आज वार कोणता?" हा प्रश्न तुम्हांला पडतो, तो याच जातीचा.

पण गंमत पुढे आहे. सिफ्रच्या मनाचा हिशेब चुकला तरी त्याच्या शरीराचा चुकला नव्हता. साथीदारांनी टिपलेल्या वेळा पाहिल्या तर त्याचे झोपणे आणि उठणे सरासरी साडेचोवीस तासांच्या चक्रात चालले होते. शरीराला स्वतःचे घड्याळ असते, याचा तो जिवंत पुरावा होता. आपल्याकडे मदुराई कामराज विद्यापीठात डॉ. एम. के. चंद्रशेखरन यांच्या गटानेही घड्याळाविना बंदिस्त जागेत माणसांना ठेवून असे प्रयोग केले. या घड्याळातील जनुकांची कामगिरी उलगडणाऱ्या तिघा शास्त्रज्ञांना 2017 साली नोबेल पारितोषिक मिळाले.

हे घड्याळ असते मेंदूत. दोन्ही डोळ्यांच्या नसा जेथे एकमेकींना छेदतात, त्याच्या नेमके वर तांदळाच्या दाण्याहूनही लहान असे पेशींचे दोन पुंजके आहेत. 1999 साली प्रसिद्ध झालेल्या काळजीपूर्वक मोजमापांनुसार माणसाच्या या घड्याळाचे एक चक्र सरासरी 24 तास 11 मिनिटांचे असते. म्हणजे ते रोज थोडे मागे पडते. मग आपण रोज अकरा मिनिटे उशिरा का उठत नाही?

झोपाळा आठवा. झोपाळ्याला त्याची स्वतःची लय असते, पण बरोबर क्षणी दिलेला बोटभर धक्का त्याला आपल्या तालावर चालवतो. शरीराच्या घड्याळाला हा धक्का देतो सकाळचा उजेड. डोळ्याच्या पडद्यात काही पेशी अशा आहेत की त्या पाहण्यापेक्षा उजेड किती आहे हे मोजून घड्याळाला कळवण्याचे काम प्रामुख्याने करतात. त्यांचा शोध अगदी अलीकडचा, 2002 सालचा. सकाळचा उजेड घड्याळाला पुढे ढकलतो. उलट रात्री उशिराचा उजेड, मग तो दिव्याचा असो की मोबाइलचा, त्याला मागे ओढतो. परीक्षेच्या काळात शाळा, शिकवणी, आईची हाक असे धक्के रोज ठरल्या वेळी बसत होते. शेवटच्या पेपरानंतर ते एकदम थांबले. रोज 11 मिनिटे या हिशेबाने 57 दिवसांत किती फरक पडेल ते करून पाहा : 627 मिनिटे, जवळजवळ साडेदहा तास! अर्थात आपण खरोखरीच्या गुहेत नसतो, म्हणून इतके होत नाही.

नसतो, असे मी म्हटले खरे, पण एप्रिल-मे महिन्यांतील नागपूरकडचे घर डोळ्यांपुढे आणा. बाहेर बेचाळीस ते पंचेचाळीस अंश. खिडकीत कूलर, दारांवर पडदे, दुपारी खोलीत अंधार. अशा खोलीत प्रकाशाची तीव्रता शंभर लक्सच्याही खाली जाते; बाहेर झाडाच्या सावलीत ती कित्येक हजार असते आणि भर उन्हात लाखाच्या घरात. डोळ्याला दोन्हींत फारसा फरक जाणवत नाही, कारण तो लगेच जुळवून घेतो. घड्याळाला मात्र फरक कळतो. रात्री दोनपर्यंत मोबाइल, सकाळी दहाला उठणे आणि मग कूलरची अंधारी खोली, ही सिफ्रची गुहाच झाली. फक्त गारवा कमी! शिवाय तुमच्या वयात हे घड्याळ मुळातच उशिराकडे झुकलेले असते, हे आईवडिलांनीही लक्षात घ्यावे. झोपेचे वेळापत्रक असे सैल झाले की मन जड होते, चिडचिड वाढते. हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीत पाळ्यांनी काम करणारे कोणी तुमच्या घरात असेल तर त्यांना विचारा. रातपाळीच्या आठवड्यात भूक, झोप आणि मूड यांचे काय होते, हे ते माझ्यापेक्षा चांगले सांगतील.

हा झाला घड्याळाचा भाग. पण सहाला उठणाऱ्या मुलालाही पोकळी जाणवते, ती का?

वुल्फ्राम शुल्ट्झ या शास्त्रज्ञाने माकडांवर केलेले प्रयोग येथे उपयोगी पडतात. माकडाला फळांचा रस दिला की मेंदूतील डोपामिन हे रसायन सोडणाऱ्या काही पेशी जोरात संदेश पाठवत. पुढे रसाच्या आधी दरवेळी दिवा लावायला सुरुवात केली. माकडाला सवय झाल्यावर या पेशी रस मिळताना नव्हे, तर दिवा लागताना चेतू लागल्या. आणि दिवा लागूनही रस मिळाला नाही, तर ठरल्या क्षणी त्या गप्प होत, नेहमीपेक्षाही गप्प. म्हणजे या पेशी आनंदापेक्षा "पुढे काहीतरी मिळणार आहे" या अपेक्षेचा हिशेब ठेवतात.

परीक्षेचे वर्ष म्हणजे अशा दिव्यांची लांबलचक माळच असते. धडा संपला, खूण केली. सराव परीक्षा झाली, गुण कळले. आणखी चार दिवस, आणखी एक पेपर. प्रत्येक दिवा पुढच्याची खूण. तुम्हांला ती माळ नकोशी वाटत होती हे खरे, पण मेंदू तिच्यावर चालत होता. शेवटच्या पेपराला सगळी माळ एकदम विझते. पुढचा दिवा निकालाचा, तो दोन महिने दूर, आणि त्यावर आता तुमचा काही इलाज नाही. तेवढ्यात नातेवाईक विचारू लागतात, "मग पुढे काय घेणार?" हा प्रश्न चुकीचा नाही, पण फार मोठा आहे. साऱ्या उदासीचे कारण एकटे डोपामिन, असे मात्र कोणी समजू नये. मेंदू इतका सोपा नाही.

विदर्भातल्या संत्राबागायतदारांकडेही "ताण" हाच शब्द आहे. मृग बहार घ्यायचा असला की ते ऐन उन्हाळ्यात बागेचे पाणी तोडतात. झाड मलूल होते, पाने पिवळी पडून काही गळतातही; वाढ थांबते आणि अन्नसाठा फांद्यांत जमा होतो. जूनमध्ये पाऊस आला किंवा पाणी दिले की ताण तुटतो. पण पाणी तुटलेल्या झाडाला जाणता शेतकरी एकदम भरपूर पाणी सोडत नाही. पहिले पाणी हलके देतो. आणि ताण तुटल्या दिवशी फुलेही येत नाहीत, काही दिवस जावेच लागतात. तेवढ्यासाठी झाडाला कोणी आळशी म्हणत नाही! माणूस म्हणजे झाड नव्हे, तरी पहिले पाणी हलके द्यावे ही गोष्ट मला आपल्या विषयाला लागू पडणारी वाटते. परीक्षा संपल्याबरोबर नव्या शिकवणीत ढकलणे जसे बरे नव्हे, तसे सगळेच वेळापत्रक मोडून टाकणेही बरे नव्हे.

म्हणून पहिला आठवडा खुशाल झोपा, मात्र उठण्याची वेळ दीड-दोन तासांपेक्षा जास्त घसरू देऊ नका. रोज सकाळी अर्धा तास उघड्यावर काढा. सायकल चालवा, आईला भाजी आणून द्या, काहीही करा, पण अंगाला हालचाल आणि डोळ्यांना उजेड मिळू द्या. आणि एखादे काम असे धरा की ज्याला तारीख आहे आणि जे रोज थोडे पुढे सरकलेले दिसते. ते "उपयोगाचे" असलेच पाहिजे असे नाही.

एक इशारा येथेच देतो. परीक्षेनंतरची ही मरगळ बहुधा काही दिवसांत ओसरते. पण दोन आठवडे उलटूनही दिवसाचा बहुतेक वेळ मन उदास राहिले, भूक-झोप बिघडली, कशातच गोडी वाटेनाशी झाली, तर तो मानसोपचार तज्ज्ञाकडे नेण्याचा विषय आहे. तापासाठी आपण डॉक्टरकडे जातो, तसेच हे. आणि जगणेच नको असा विचार मनात एकदाही डोकावला, तर दोन आठवडे थांबू नका. त्याच दिवशी आई, वडील, शिक्षक, मोठी बहीण, ज्यांच्यावर विश्वास असेल त्यांना सांगा. टेलि-मानस ही सरकारी सेवा ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू झाली. तिचा क्रमांक 14416. फोन मोफत आहे, रात्रीबेरात्रीही चालतो आणि मराठीत बोलता येते.

आता तारीख असलेले एक काम. सूर्य पूर्वेला उगवतो असे आपण म्हणतो, पण नेमक्या पूर्वेला तो वर्षातून दोनदाच उगवतो. मार्चच्या अखेरीस त्याची उगवण्याची जागा रोज उत्तरेकडे सरकत असते, आणि तीही थोडीथोडकी नव्हे, जवळजवळ स्वतःच्या रुंदीएवढी! गच्चीवर एकच जागा ठरवा, तेथे खडूने पावलांच्या खुणा करा. समोर दिसणाऱ्या पाण्याच्या टाक्या, मोबाइलचे मनोरे, कडुनिंब यांचे साधे चित्र वहीत काढा आणि सूर्याची कड दिसताच त्या जागी तारखेसह रेघ मारा. सूर्य वर येऊन प्रखर झाला की त्याच्याकडे पाहायचे नाही, हे कटाक्षाने पाळा. हात ताठ करून धरलेली मूठ सुमारे 10 अंशांची असते. 17 मार्च ते 13 मे या काळात हिंगण्याहून सूर्योदयाची जागा साधारण 21 अंश, म्हणजे दोन मुठींहून किंचित अधिक सरकते. मे महिन्यात रेघा एकमेकींच्या जवळ येऊ लागतील. त्या का जवळ येतात, याचा विचार तुम्हीच करा. झोपाळा टोकाशी जाताना त्याचा वेग कसा होतो, ते आठवले तर मदत होईल. यासाठी रोज सहाच्या आत उठावे लागेल, मे महिन्यात तर साडेपाचलाच. शेजारी 1 ते 120 मोजण्याची चाचणीही रोज एकदा घ्या आणि मित्राला घड्याळ धरायला सांगा. रिकाम्या दिवशी आणि गडबडीच्या दिवशी आकड्यांत फरक पडतो का, ते टिपून ठेवा.

निकाल लागला, कसाही लागला, तरी वही मिटू नका. साधारण 26 मे रोजी हिंगणा-नागपूर भागात दुपारी बारा वाजून दहा मिनिटांच्या सुमारास सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि सरळ उभ्या काठीची सावली नाहीशी होते. डोक्याला दुपट्टा बांधून, पाणी पिऊन, पाच मिनिटांसाठी बाहेर या. असा दिवस वर्षातून दोनदा येतो खरा, पण दुसरा येतो जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात, आणि तेव्हा आपल्याकडे आभाळ बहुधा भरलेले असते.