काडतूस अडकणे
काडतूस किंवा त्याची रिकामी पुंगळी रायफलीच्या चेंबरमधून बाहेर न निघणे, यास काडतूस अडकणे म्हणतात. बोलीत यालाच 'गोळी अडकली' म्हणतात, पण तो प्रयोग सैल आहे. गोळी नळीत अडकणे निराळे, त्यानंतरचा बार नळीच फोडू शकतो.

मोताळा तालुक्यालगतच्या जळगाव जिल्ह्यात, वरणगाव आयुध निर्माणीत, इन्सास रायफलीची ५.५६ मिमी काडतुसे बनतात. अशा काडतुसाची पितळी पुंगळी बाराच्या दाबाने फुगून चेंबरला घट्ट टेकते व दाब उतरताच किंचित आकसते. चेंबरमध्ये काजळी, गंज किंवा वाळू असल्यास ती सुटत नाही.

चाप ओढूनही बार न झाल्यास दारू उशिरा पेटण्याचा संभव असतो. म्हणून नळी सुरक्षित दिशेस रोखून किमान अर्धा मिनिट थांबतात, मगच बोल्ट उघडतात. तरीही न निघणारे जिवंत काडतूस नळीत गज घालून ठोकणे प्राणघातक ठरू शकते. शस्त्र तसेच आर्मररकडे सोपवले जाते.