आशीर्वादाची पाळी

ठाण्यातल्या एका दोन खोल्यांच्या घरात शुक्रवारची दुपार कलली आहे. नारळाच्या दुधातलं माशांचं कालवण चुलीवरून उतरलंय. काळ्या मनुका सकाळपासून भिजताहेत. वाइनऐवजी त्यांचंच शरबत रात्री किद्दुशला, म्हणजे जेवणाआधी पेल्यावर म्हणायच्या प्रार्थनेला, लागेल. बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंच्या, घरांत असते तशी एलियाहू हन्नाबी या संदेष्ट्यांची तसबीर भिंतीवर आहे.

शाब्बाथचे, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीचे, दिवे लागले की फोनला हात लावायचा नाही, म्हणून थोरल्या मुलीची पाळी आधी. ती इस्रायलमध्ये अश्दोदला असते, तिकडे अजून लख्ख ऊन. वडील पडद्यावरच्या तिच्या चेहऱ्यापुढे तळहात धरून हिब्रू आशीर्वाद म्हणतात आणि मग मराठीत बोलू लागतात. "नव्या नोकरीची भीती वाटतेय, हे तू आमच्यापासून लपवलं नाहीस. असंच सांगत जा, बाळा. देव तुला तिथे जिवाभावाची माणसं देवो." ती डोळे मिटून ऐकते. आई मागून विचारते, "जेवलीस का?"

सूर्य मावळायच्या आत आई दिवे लावते. वडील आणि मुलगा 1879 साली बांधलेल्या शआर हाशामाईम सिनेगॉगमधून प्रार्थना करून परततात. "शाब्बाथ शालोम!" आजी दोघांचे हात हातात घेते आणि आपली बोटं ओठांना लावते.

मुलगा आता वडिलांपेक्षा उंच झालाय. कुणी न सांगता तो मान झुकवतो, वडिलांचे दोन्ही हात त्याच्या टोपीवर टेकतात. देव तुला एफ्राइम आणि मनश्शे यांच्यासारखा करो, अशी मागणी मुलासाठी. मुलीसाठी सारा, रिबका, राहेल आणि लेआ. एफ्राइम आणि मनश्शे ही योसेफाची मुलं, परक्या मिसर देशात जन्मलेली, तरी आजोबा याकोबाने आपली म्हणून जवळ घेतलेली. शतकानुशतकं कोकणात राहून, मराठी बोलून आपला शनिवार पाळलेल्या या समाजाच्या तोंडी ही नावं मला फार खरी वाटतात.

मग याजकांचा आशीर्वाद. हिब्रूत अवघे 15 शब्द: देवाने सांभाळावं, कृपा करावी, शांती द्यावी. जेरुसलेमजवळच्या एका थडग्यात 1979 साली चांदीच्या दोन इवल्या गुंडाळ्या सापडल्या, त्यांवर याच आशीर्वादातले शब्द कोरलेले आहेत. सुमारे 2600 वर्षांपूर्वी कुणीतरी ते अंगावर बाळगत असावं.

शब्द संपतात, वडील हात मात्र उचलत नाहीत. "परवा तू ताटावरून उठून गेलास. पण रात्री आपणहून आजीपाशी येऊन बसलास, ते मी पाहिलं. तुझ्या रागाला देव चांगली वाट दाखवो."

दहावीचा निकाल तोंडावर आहे; त्याबद्दल चकार शब्द नाही. मला हे फार मोलाचं वाटतं. आशीर्वादाला अपेक्षा चिकटली की त्याची ताकीद होते आणि मूल ती लगेच ओळखतं. शिवाय असं वाक्य शुक्रवारी संध्याकाळी ऐनवेळी सुचत नाही. त्यासाठी रविवारपासून मुलाकडे बघत राहावं लागतं. आठवडाभर न पाहिलेल्या मुलाला माणूस फार तर 'मोठा हो' म्हणेल.

मुलगा ताठ उभा राहतो. कान लाल झालेत. आजी त्याच्या गालांवरून हात फिरवून कानशिलांवर कडाकड बोटं मोडते.

आता धाकटी. ती कधीची पुढे येऊन उभी आहे. सारा, रिबका, राहेल, लेआ, मग ते 15 शब्द. वडील वाकतात. "तू आजीला औषधाची आठवण करून देतेस ना..."

"पप्पा, हे मागच्या आठवड्यात झालं!"

वडील थांबतात. शरबताचा पेला भरलेला, भाकरी कापडाखाली झाकलेली, सगळे ताटकळत उभे. वडिलांना घाई नाही. ते तिच्याकडे नीट बघतात.

"वर्गातली ती नवी मुलगी एकटी बसते म्हणून तू तुझी जागा सोडून तिच्या बाकावर गेलीस. आई म्हणाली मला. देव तुलाही कधी एकटं न ठेवो."

"आमेन," ती मोठ्याने म्हणते आणि आपल्या खुर्चीकडे पळते. वडील पेला उचलतात.