जुना डॅक, नवा डॅक आणि आपले कान

मंडळी, मागच्या वेळी एका श्रोत्यांनी विचारलं, "सर, तीस वर्षांपूर्वीचा डॅक अजून चालेल, की नवाच घ्यावा?" माझा विषय तत्त्वज्ञान. पण आपल्याला जे कळतं ते कसं कळतं, हाच प्रश्न यात आहे.

आधी यंत्र पाहू. सीडीवर आवाज नसतो, आकडे असतात. सेकंदाला ४४,१०० वेळा ध्वनिलहरीची उंची मोजून ती ६५,५३६ पायऱ्यांपैकी एकीवर बसवलेली असते. त्या आकड्यांची पुन्हा विजेची लहर करतो तो डॅक. १९८२ साली सीडी आली तेव्हा फिलिप्सच्या प्लेअरमधले डॅक १४ बिटांचे होते, सोनीचे १६. जुन्या पद्धतीत प्रत्येक बिटाला त्याच्या वजनाइतकी वीज द्यावी लागे, अगदी काटेकोर. म्हणून चांगली चिप महाग पडे. आजच्या बहुतेक चिपा मोजक्याच पायऱ्या वापरतात, पण सेकंदाला लाखो वेळा, आणि त्यातून होणारी खरखर कानाला न ऐकू येणाऱ्या पट्टीत ढकलून गाळून टाकतात. म्हणून आज स्वस्तातही अचूकपणा मिळतो.

१६ बिटांत सर्वांत मोठ्या आणि सर्वांत बारीक आवाजात सुमारे ९६ डेसिबलचं अंतर मावतं. चांगले नवे डॅक १२०च्या आसपास जातात. कागदावर नवा जिंकला! पण ऐकायचं काय? उस्ताद अब्दुल करीम खाँ १९३७ साली गेले. त्यांच्या तबकडीवरची सुईची खरखरच १६ बिटांच्या तळाच्या कितीतरी वर आहे. त्यात आपल्या खिडकीखाली एस. व्ही. रोड.

माझ्या नातवाने परीक्षा घेतली. जरा मोठा आवाज कानाला नेहमी सरस वाटतो, म्हणून मीटर लावून दोन्ही डॅकचा आवाज सारखा केला आणि वर चादर टाकली. सोळा वेळा ऐकलं, नऊ वेळा बरोबर ओळखलं. नाणं उडवूनही एवढंच जमलं असतं. प्रत्यक्ष ज्ञान अव्यभिचारी हवं, ही न्यायदर्शनातली अट मी वर्षानुवर्षं शिकवली. स्वतःच्या कानांना कधी लावली नाही.

तो जुना डॅक मी आणि हिने मिळून घेतला होता. ती आता नाही. त्यावर तानपुरा गोड का लागायचा, ते त्या दिवशी कळलं. तो गोडवा खोटा नाही. फक्त डॅकचा गुण म्हणून तो दुसऱ्याला सांगू नये.

आता, माझे कान सत्तरीचे. वरचे सूर त्यांना पोचतच नाहीत. तेव्हा ही परीक्षा घरातल्या तरुणाकडूनही करून घ्या. जुन्या यंत्रातले कपॅसिटर वाळतात, मग गुणगुण ऐकू येते. ते बदलून मिळतात. संगणकाची यूएसबी वायर जोडायची असेल तर मात्र बहुतेक जुन्या डॅकला ती सोयच नाही, तिथे नवा घ्या. नाहीतर ते पैसे स्पीकरवर घाला. तिथला फरक चादर टाकूनही ऐकू येईल.