वेत, वार आणि व्यवहार

मीरा-भाईंदरमध्ये कुत्र्यांची पैदास करायला शेत किंवा फार्महाउस लागत नाही, ड्राय बाल्कनी पुरते. 2011 च्या जनगणनेत आठ लाखांच्या वर गेलेले हे शहर आडवे कमी आणि उभे जास्त वाढले. अशाच एखाद्या वन बीएचकेमध्ये लॅब्रॅडॉर किंवा शित्झू मादी माजावर येते. ओळखीतून नर मिळतो. त्याच्या मालकाला रोख फी किंवा वेतातले निवडून एक पिल्लू द्यायचे ठरते. दोन-तीन महिन्यांत मोबाइलवर फोटो फिरू लागतात. ‘विथ पेपर’चा भाव वेगळा, ‘विदाउट पेपर’चा वेगळा. हा पेपर म्हणजे केनेल क्लब ऑफ इंडियाचे वंशावळीचे प्रमाणपत्र. आई-बाप कोण हे तो सांगतो; आई कोणत्या अवस्थेत आहे, हे सांगत नाही.

असे करणारा स्वतःला ब्रीडर म्हणवत नाही. ‘घरचीच आहे, हौस म्हणून पिल्ले घेतली’ असे तो म्हणतो. कायदा मात्र हौस आणि धंदा यांतली रेघ विक्रीपाशी ओढतो. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली केंद्र सरकारने मे 2017 मध्ये कुत्र्यांची पैदास आणि विक्री यांचे नियम अधिसूचित केले. विक्रीसाठी पैदास करणाऱ्या प्रत्येकाने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करणे त्यानुसार बंधनकारक आहे, मग केनेल एकराचे असो वा बाल्कनीचे. महापालिकेकडे पाळीव कुत्र्याची नोंद करणे ही निराळी गोष्ट. त्या नोंदीने पैदास करण्याचा परवाना मिळत नाही. गृहनिर्माण सोसायटीला रहिवाशाच्या पाळीव कुत्र्यावर बंदी घालता येत नाही, हे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने 2015 मध्ये स्पष्ट केले. त्याचा आधार घेऊन घरात पाच माद्या ठेवून विक्री चालवता येते, असे समजणारेही आहेत. तसे नाही.

नियमांतले आकडे नीट पाहिले की धंद्याचे गणित उघडे पडते. मादी 18 महिन्यांची होण्याआधी आणि 8 वर्षांनंतर तिच्याकडून पिल्ले घेता येत नाहीत. वर्षाला एकच वेत, आयुष्यात जास्तीत जास्त पाच. मादी साधारण सहा महिन्यांनी माजावर येते, म्हणजे या साडेसहा वर्षांत सुमारे तेरा वेळा. तेरातून पाच गेले, आठ उरले. बेकायदा नफा मुख्यतः या आठांत असतो. कायद्यातला दंड त्यापुढे हास्यास्पद आहे. 1960 च्या कायद्याच्या कलम 11 नुसार पहिल्या गुन्ह्याला दहा ते पन्नास रुपये. एका पिल्लाच्या किमतीत असे शेकडो दंड भरून होतात.

नीट पैदास करणाऱ्याचा हिशेब वेगळा दिसतो. मेटिंगपूर्वी नर-मादीची तपासणी, लॅब्रॅडॉर किंवा जर्मन शेफर्ड असेल तर खुब्यांचे एक्स-रे, पंचविसाव्या दिवसानंतर सोनोग्राफी, पंचावन्नाव्या दिवसाच्या सुमारास पिल्ले मोजण्यासाठी पुन्हा एक्स-रे, शेवटच्या तीन आठवड्यांत वाढीव खुराक, जंतनाशके, लसी, मायक्रोचिप. वेळ आली तर सिझेरियन. चपट्या नाकाच्या काही जातींत ही वेळ सहसा येतेच. 2003 मध्ये हच या मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत पग झळकला आणि घरोघरी पग हवा झाला. त्यामागून फ्रेंच बुलडॉग आले. डोके मोठे, कंबर अरुंद. ब्रिटनमधील पाहणीत बुलडॉग आणि फ्रेंच बुलडॉग यांची 80 टक्क्यांहून अधिक बाळंतपणे शस्त्रक्रियेने झाल्याचे आढळले होते. ज्या जातीला आपल्या बळावर विताच येत नाही, तिची पैदास करावी की नाही, हा प्रश्न फॅशन विचारत नाही. हे सगळे खर्च मांडले तर फ्लॅटमधल्या एका वेतातून फारसे काही उरत नाही. ज्याच्या वहीत मोठा नफा दिसतो, त्याने कुठला तरी खर्च टाळलेला असतो आणि तो बहुधा मादीच्या वाट्याचा असतो.

गाभणपण सरासरी 63 दिवसांचे. मेटिंगच्या तारखेपासून मोजले तर 58 ते 68 दिवसांत ती विते. या काळात कॅल्शियमची बाटली आणून रोज चमचा-चमचा पाजण्याची पद्धत सर्रास दिसते. हेतू चांगला, परिणाम उलटा. बाहेरून आयते कॅल्शियम मिळत राहिले की हाडांतून ते काढून देणारी शरीराची यंत्रणा सुस्तावते आणि दूध भरात येते तेव्हा रक्तातले कॅल्शियम एकाएकी घसरते. विशेषतः लहान जातींत, बाळंतपणानंतर दोन ते चार आठवड्यांनी, मादी धापा टाकू लागते, पाय ताठरतात, अंग थरथरते. याला एक्लॅम्प्सिया म्हणतात. त्याच दिवशी शिरेतून उपचार मिळाले नाहीत तर ती दगावू शकते. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय गाभण मादीला कॅल्शियम देऊ नये.

तारखेच्या आठवडाभर आधी तिची जागा ठरते. घराच्या शांत कोपऱ्यात, ती आडवी पसरू शकेल एवढी लाकडी किंवा पुठ्ठ्याची पेटी. आतल्या कडेने थोड्या उंचीवर आडवी पट्टी, म्हणजे आई कुशीवर वळली तरी भिंतीशी आलेले पिल्लू चेंगरत नाही. रोज दोनदा गुदद्वारातून तापमान घ्यायचे. एरवी ते 38 ते 39 अंश सेल्सिअस असते, 37.2 च्या खाली उतरले की साधारण चोवीस तासांत कळा सुरू होतात. ती खाणे सोडते, चादरी ओरबाडते, धापा टाकते. ही पहिली अवस्था सहा ते बारा तास चालते, पहिलटकरणीत त्याहून जास्त.

मग पिल्लू येते, पातळ पिशवीत गुंडाळलेले. आई पिशवी फाडते, नाळ चावते, पिल्लाला जोराने चाटते. त्या चाटण्यानेच त्याचा श्वास मोकळा होतो. मिनिटभरात तिने हे केले नाही तर माणसाने पिशवी फाडावी, तोंड-नाक पुसावे, कोरड्या टॉवेलने अंग खसखसून चोळावे, पोटापासून दोन सेंटिमीटरवर नाळ दोऱ्याने बांधून टोकाला आयोडीन लावावे. पिल्लाला उलटे धरून झुलवण्याची जुनी पद्धत मेंदूला इजा करू शकते. प्रत्येक पिल्लामागे एक वार पडते. ती मोजायची असते.

धोक्याच्या खुणा थोड्या, पण ठाम आहेत. वीस-तीस मिनिटे जोराच्या कळा येऊनही पिल्लू नाही, दोन पिल्लांमध्ये दोन तासांहून जास्त खंड, पहिल्या पिल्लाआधीच हिरवट-काळा स्राव. यांपैकी काहीही दिसले तर डॉक्टर गाठावा. इथे शहराचा भूगोल आडवा येतो. बाई साकरबाई दिनशा पेटिट हे 1883 पासूनचे प्राण्यांचे रुग्णालय परळला आहे आणि वाटेत दहिसर नाक्यावरची कोंडी. त्यामुळे रात्री शस्त्रक्रिया करणारा जवळचा डॉक्टर कोण, हे आधीच विचारून ठेवलेले बरे. धंदेवाईकाचा उपाय मात्र स्वस्त असतो: ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन. तबेल्यांत पान्हा सोडवण्यासाठी बदनाम झालेले हेच ते औषध. पिल्लू आडवे अडकलेले असताना ते टोचले तर गर्भाशय फाटू शकते.

जन्मानंतरचे पहिले पंधरा दिवस पिल्ले आंधळी, बहिरी असतात आणि त्यांना स्वतःची ऊब राखता येत नाही. पहिल्या आठवड्यात पेटीत 29 ते 32 अंश लागतात, म्हणजे मालकाने स्वतःसाठी 24 वर लावलेला एसी त्यांना थंडीच. बल्ब लावायचा तो पेटीच्या एकाच कोपऱ्यावर. जास्त ऊन वाटले तर पिल्लांना सरकत दूर जाता आले पाहिजे. पहिला चीक चोवीस तासांच्या आत पोटात गेला पाहिजे. रोज वजन करावे. ते सात ते दहा दिवसांत दुप्पट होते. दूध कमी पडले तर गाईचे दूध हा पर्याय नाही. कुत्रीच्या दुधात प्रथिने आणि स्निग्धांश त्याच्या दुपटीहून अधिक असतात, म्हणून पिल्लांसाठीची दूधभुकटीच लागते. पहिले तीन आठवडे तर आईने चाटल्याशिवाय त्यांना लघवीही होत नाही.

तिसऱ्या आठवड्यानंतर पिल्ले भावंडांशी भांडत, आईची ओरड खात वागणे शिकतात. जोरात चावले की खेळ थांबतो, हे त्यांना तिथेच कळते. म्हणून नियमांत आठ आठवड्यांपूर्वी विक्रीला मनाई आहे, आणि विक्रीआधी मायक्रोचिप सक्तीची. बाजार मात्र पस्तीस-चाळीस दिवसांचे पिल्लू पुढे करतो, कारण त्या वयात ते कापसाच्या गोळ्यासारखे दिसते आणि पुढच्या तीन आठवड्यांचा खुराक वाचतो. आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती ओसरत असते, लस पुरी झालेली नसते आणि दलालाच्या पिंजऱ्यातून आलेला पार्व्हो विषाणू नव्या घरी चार दिवसांत प्रकट होतो. इंग्लंडने एप्रिल 2020 पासून, वेल्समधल्या पपी फार्ममधून सोडवलेल्या एका मादीच्या नावाने ओळखला जाणारा ‘लूसीज लॉ’ लागू केला. सहा महिन्यांखालचे पिल्लू दलालाकडून विकता येत नाही. ते पैदास करणाऱ्याकडूनच विकत घ्यावे लागते आणि तेही आईसोबत पाहून. ‘आई गावाला आहे’ हे उत्तर तिथे चालत नाही. इथेही घेणाऱ्याने आईला पाहण्याचा, तिच्यासोबत पिल्लांना पाहण्याचा आणि नोंदणी क्रमांक असलेल्या पावतीचा आग्रह धरला तर दलालाची पंचाईत होते.

पाचव्या वेतानंतर किंवा आठव्या वर्षी मादीचे काम संपते, आयुष्य नाही. तिची नसबंदी केली नाही तर उतारवयात माजानंतर गर्भाशयात पू होण्याचा, म्हणजे पायोमेट्राचा, धोका वाढत जातो, आणि त्यावर खात्रीचा इलाज गर्भाशय काढणे हाच. हा खर्चही पैदाशीच्या हिशेबात पहिल्या दिवसापासून धरायला हवा. तो टाळण्यासाठी लोंबत्या सडांची, जातिवंत दिसणारी मादी रस्त्यावर सोडून देणे हा त्याच कलम 11 खाली गुन्हा आहे.