पॉप गायिकेचा माहितीपट आणि पालकांची सोबत

अमेरिकी पॉप गायिका केटी पेरी यांच्या २०११ मधील संगीत दौऱ्यावरील ‘केटी पेरी : पार्ट ऑफ मी’ हा माहितीपट २०१२ मध्ये प्रदर्शित झाला. अमेरिकेत त्याला ‘पीजी’ श्रेणी देण्यात आली. या श्रेणीत पालकांची उपस्थिती सक्तीची नसते. काही भाग मुलांसाठी अयोग्य वाटू शकतो, एवढीच सूचना त्यातून मिळते. वैवाहिक जीवन विस्कटल्यामुळे ब्राझीलमधील साओ पावलो येथे रंगमंचामागे रडणारी गायिका काही वेळातच हसतमुखाने प्रेक्षकांसमोर येते. हे दृश्य बालप्रेक्षकांना गोंधळात टाकू शकते. हसऱ्या चेहऱ्यामागेही दुःख असते आणि पडद्यावर कलावंताच्या आयुष्याचा निवडक भागच दिसतो, हे समजावण्यासाठी पालकांची सोबत मोलाची ठरते.