गोवर अंगावर दिसण्याआधीच पसरतो



नोव्हेंबर २०२२ मध्ये मुंबई, भिवंडी, मालेगावात गोवराची साथ आली. काही मुले दगावली. मोहने-कल्याणहून भिवंडी काही लांब नाही. म्हणून हा रोग पसरतो कसा, ते समजून घ्या.

गोवराचा विषाणू खोकल्या-शिंकेतून हवेत जातो. बंद खोलीत तो २ तासांपर्यंत राहतो. आजारी मूल वर्गातून निघून गेले, तरी मागे आलेल्या मुलाला तो गाठतो. पुरळ उठण्याच्या ४ दिवस आधीपासून ते उठल्यानंतर ४ दिवसांपर्यंत मूल रोग पसरवते. सुरुवातीला नुसता ताप, सर्दी, खोकला, लाल डोळे. आपण म्हणतो, साधं पडसं आहे, जाऊ दे शाळेत! तिथून रोग दुसऱ्या घरात शिरतो, पाळण्यातल्या बाळापर्यंत पोचतो. लस न घेतलेल्या १० जणांत रोगी राहिला, तर ९ जणांना लागण होऊ शकते.

तेव्हा एवढे करा :

१. ताप-खोकला असेल तर मुलाला घरीच ठेवा, तान्ह्या बाळापासून दूर.

२. पुरळ दिसताच आशाताईंना कळवा. देवीचं आहे म्हणून थांबू नका. डॉक्टरांच्या सल्ल्याने 'अ' जीवनसत्त्व द्या. धाप लागली तर लगेच दवाखाना गाठा.

३. लस ९ महिने पूर्ण होताच एकदा आणि १६ ते २४ महिन्यांत पुन्हा टोचून घ्या. सरकारी दवाखान्यात ती फुकट मिळते.

भाताची आवणी आपण वेळेवर उरकतो ना? तशीच लसीची तारीखही पाळा.